कुंदाताईंचा संशय

कुंदाताई गेल्याची बातमी मला नारायणगावच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली आणि मी ती खरी मानली नाही. सकाळी ऑफिसचं शटर वर करून अगरबत्ती लावत होतो, तेवढ्यात फोन वाजला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेलं चित्र होतं. मध्ये ताईंचा कुठल्यातरी लग्नातला फोटो, आणि शेजारी त्याहून मोठा, एका स्थानिक पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. ताईंचा या माणसाशी काडीचा संबंध नव्हता. हे कोणी बनवलं, फोटो कुठून मिळवला, यात कोणाचा फायदा आहे, असे प्रश्न माझ्या डोक्यात एकामागून एक येत गेले. दुःख वगैरे काही नाही, आधी हे प्रश्न. कारण आलेला मजकूर असाच वाचायचा, हे मला त्याच बाईनं शिकवलं होतं. मी त्यांच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांच्या पुतणीनं, प्राजक्तानं उचलला. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, “काका, खरं आहे. पहाटे झोपेतच गेली आत्या.” मग जरा थांबून म्हणाली, “सकाळपासून सगळे हेच विचारायला फोन करताहेत…”

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ज्यांनी ताईंच्या हाताखाली चार ओळी लिहायला शिकून घेतलं, त्यांच्यापैकी एकानंही त्यांच्या मरणावर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवला नाही, हे मला अजून आठवतं आणि हसू येतं.

कुंदाताई मूळच्या नारायणगावच्याच. लग्न केलं नाही. पुण्याला ग्राहकांच्या तक्रारी चालतात त्या कचेरीत त्या टंकलेखक होत्या, आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी परत आल्या. एसटी स्टँडच्या मागे एका पिठाच्या गिरणीवर त्यांनी खोली भाड्यानं घेतली आणि लोकांना जाहिराती लिहून द्यायचं काम सुरू केलं. आता त्याला ‘कंटेंट’ म्हणतात. ताई म्हणायच्या, “मी लिहून देते.” विमा विकणारे, रोपवाटिकावाले, मसाले करणाऱ्या बायका, मंचरचा एक चष्मेवाला, असे सगळे त्या जिन्यावरून वर जायचे. बोलणं पुण्यात राहून सरळ झालेलं होतं, पण चिडल्या की ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’ परत यायचं. समोरच्यानं ते ऐकलं की समजून जायचं.

मी विम्याचं आणि म्युच्युअल फंडाचं काम करतो. माझ्या धंद्यात माणूस दारातून आत येतो तोच संशय घेऊन, आणि त्याचं काही चुकत नाही. आमच्या भागात टोमॅटोला भाव लागला, द्राक्षं बरी गेली की हातात पैसा येतो, आणि त्या पैशाच्या वासावर कुठून कुठून माणसं येतात. कोणी सागाची झाडं विकतं, कोणी दामदुप्पट. नंतर ती माणसं दिसत नाहीत आणि त्यांच्या वाटणीच्या शिव्या आम्ही खातो. मी पुण्याला एका हॉटेलात प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथला मास्तर हिंदीत सांगायचा, “डर बेचो, पॉलिसी अपने आप बिकेगी.” म्हणजे रोज एक रील टाका, रडणारी बाई दाखवा, हार घातलेला फोटो दाखवा. मी ते इमानदारीत करत होतो. बाहेर बोर्ड लावला होता, ‘सुरक्षित भविष्याची खात्री’.

त्या बोर्डाखाली उभ्या राहून एके दिवशी कुंदाताईंनी मला बाहेर बोलावलं. मी त्यांना ओळखत नव्हतो. डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. बोर्डाकडे बोट करून त्यांनी विचारलं, ही खात्री कोण देतं. मी म्हणालो, कंपनी देते. त्यावर त्यांनी विचारलं की कंपनीनं तसं लिहून दिलंय का. मला वाटलं, बाई कुठल्यातरी खात्याकडून तपासणीला आली आहे. मी आत नेलं, खुर्ची दिली, माझे परवाने आणि प्रमाणपत्रं टेबलावर मांडली. त्यांनी सगळी शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, कागद चांगले आहेत, बोर्ड खोटा आहे, बदलायचा असेल तर मी लिहून देते, पैसे घेईन. मी जरा हसून म्हणालो, बोर्डाच्या दोन शब्दांचे कसले पैसे. त्या म्हणाल्या, “फुकट काम करून देणाऱ्या माणसावर आधी संशय घ्यावा.”

पुढची काही वर्षं मी त्यांच्याकडून लिहून घेत गेलो, पण मनातून मी त्यांना पुरता ओळखू शकलो नाही, हे सांगितलं पाहिजे. त्या सांगायच्या ते मला धंद्याच्या मुळावर येणारं वाटायचं. ‘विमा कोणी घेऊ नये’ अशी पोस्ट त्यांनी मला लिहून दिली होती. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही त्यानं अमुक पॉलिसी घेऊ नये, ज्याला हप्ता झेपणार नाही त्यानं तमुक घेऊ नये, अशी. ती हातात घेऊन मी जिना उतरलो तेव्हा मनात आलं, ही बाई माझ्या एखाद्या प्रतिस्पर्ध्याकडून पैसे खात नाही ना… मग दुसरी लिहिली ती वारसाची. ती मला अजून पाठ आहे. ‘तुमच्या नावावरचे पैसे तुमच्यानंतर कोणाला मिळणार, हे तुमच्या घरात कोणाला माहीत आहे? आज जेवताना विचारून बघा. उत्तर आलं नाही तर कागद काढा. नाव जुनं असेल तर बदला. त्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही, जिथं पॉलिसी काढली तिथं जा.’ त्यात मधे आणखी एक ओळ होती, ‘हे वाचून घाबरू नका, कागद शोधा.’ मजकूर लांबतोय असं वाटून टाकताना मी ती गाळली. ‘माझ्याकडे यायची गरज नाही’ हेही मी गाळणार होतो, पण तेवढं धाडस झालं नाही.

ती पोस्ट फिरत फिरत कुठल्या कुठे गेली. जुन्नर, ओतूर, तिकडे वर घाटघरपर्यंत भावकीच्या ग्रुपांवर पोचली. माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येऊ लागली, आणि त्यातली निम्मी पुन्हा कधी आली नाहीत. कुणाच्या पॉलिसीवर मेलेल्या बापाचं नाव होतं, कुणाच्या खात्यावर लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं. मी त्यांना रस्ता दाखवायचो आणि चहा पाजून घालवायचो. ताईंकडे कुरकूर केली की त्या म्हणायच्या, “त्यांनी तुला बघून घेतलं. बघू दे की.” खरोखरच काही जण वर्षा-सव्वा वर्षानं परत आले, बायकोला घेऊन. तेव्हा बोलणं वेगळं होतं. तेव्हा मला काही विकावं लागत नव्हतं.

सगळ्यांनाच हे पटायचं असं नाही. भीमाशंकरच्या रस्त्याला मारुतीभाऊ लॉज चालवतात. त्यांनी जाहिरातीत लिहिलं होतं, ‘मंदिरापासून हाकेच्या अंतरावर’. ताई जीपनं तिथं गेल्या, लॉजच्या दारात उभ्या राहिल्या आणि मारुतीभाऊंना म्हणाल्या, “मारा हाक.” भाऊंना आधी कळेनाच. नंतर कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ताईंनी स्वतः मंदिरापर्यंत चालून, धापा टाकत परत येऊन त्यांना मजकूर दिला, की रस्ता चढाचा आहे, धुक्यात फोन लागेलच असं नाही, गरम पाणी सकाळीच मिळतं, म्हातारं माणूस बरोबर असेल तर आधी फोन करा. भाऊ माझ्याकडे येऊन म्हणाले, “ही बाई माजं दुकान बंद करनार हाय राव. आसं वाचून हितं येतंय कोन?” येणारे आले. आधी फोन करून, म्हाताऱ्यांची सोय विचारून आले, आणि काउंटरवरची भांडणं थांबली. भाऊ मात्र अजूनही म्हणतात की हाकेच्या अंतरावर लिहिलं असतं तर याहून जास्त आले असते. आलेही असते, मला कसं माहीत असणार.

या स्वभावानं त्यांचं नुकसानही पुष्कळ झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. प्राजक्ताचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाच्या नोकरीची खात्री करायला ताईंनी परस्पर त्याच्या ऑफिसात फोन केला. नोकरी खरी निघाली, पण मुलाकडच्यांना ते कळलं आणि जमत आलेलं लग्न मोडायला आलं. लग्न झालं, पण प्राजक्ता कित्येक महिने आत्याशी बोलत नव्हती. भाजीची जुडी त्या मधून उघडून बघायच्या, लग्नाची पत्रिका आली तरी आधी पाठवणाऱ्याचा हेतू शोधायच्या. गावात लोकांना वाटायचं, हिचं कधीतरी काहीतरी बुडालं असणार. मीही एकदा भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, “माझं काही बुडलं नाही. मी नुसतं टाइप केलं. रोज लोकांच्या तक्रारी टाइप करायच्या, आणि प्रत्येक तक्रारीत एक वाक्य ठरलेलं. ‘मी विश्वास ठेवून’… पुढचं सगळं वेगळं, पण एवढं सगळ्यांचं सारखं. आता तो शब्द आला की माझी बोटं थांबतात.” हे खरं की आणखी काही होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ती कंपनी आली. महामार्गाला लागून काचेच्या दाराचं ऑफिस, आत गारवा, टाय घातलेली बाहेरगावची मुलं. आमच्याकडे रस्त्याच्या कामात बऱ्याच जणांच्या जमिनी गेल्या होत्या आणि मोबदला नुकताच खात्यांवर आला होता. पैसे ठेवले तर कंपनी दरमहा ठरलेली रक्कम घरपोच द्यायचं सांगत होती, बँक देते त्याच्या कितीतरी पट. त्यांनी ताईंना लिहून द्यायला बोलावलं. ताईंनी नोंदणीचा कागद मागितला. उद्या पाठवतो म्हणाले, तो आला नाही, ताईंनी काम नाकारलं. मलाही त्यांनी बोलावलं होतं, माझी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे वळवावीत म्हणून. मी गेलो, कॉफी प्यालो, विचार करतो म्हणून परत आलो आणि त्याच दिवशी ताईंना सांगितलं. त्यांनी फक्त ‘हं’ केलं.

पुढे थोड्याच दिवसांत सकाळच्या पेपरातून कंपनीचं पत्रक घरोघर पडलं. मी ते उघडलं आणि पहिल्याच ओळीला थांबलो. ‘तुमच्या नावावरचे पैसे तुमच्यानंतर कोणाला मिळणार, हे तुमच्या घरात कोणाला माहीत आहे? आज जेवताना विचारून बघा.’ आमचीच वाक्यं, शब्दाला शब्द. फक्त शेवट बदललेला, ‘आजच आमच्या कार्यालयात या.’

ती वाक्यं लिहिणाऱ्या ताई आणि पोस्ट टाकणारा मी. पोस्ट गावोगाव फिरली होती हे तेव्हा डोक्यातच आलं नाही, मला ताबडतोब वाटलं, ताईंनी विकली. कागदाचं निमित्त करून काम नाकारलं असं मला सांगितलं, आणि मागच्या दारानं दिलं लिहून. आणि ताईंना, मला नंतर कळलं, नेमकं उलटं वाटलं, की कॉफी प्यायला गेलेला विलास, म्हणजे मी, आता तिकडचा झाला. त्यांनी माझा फोन उचलणं बंद केलं. मीही दोनदा करून सोडून दिला. एकाच गावातली माणसं आम्ही, स्टँडवर दिसलो तरी मान वळवायचो. एकदा गिरणीवाला दळणाचा डबा देताना मला सहज म्हणाला, “ताई इचारत व्हत्या, तुमी त्या काचंच्या हापिसात जाता का म्हनून. मी म्हनलं, मला काय म्हाईत.” माझ्या अंगाची लाही झाली. मीही काही कमी नव्हतो. ताईंच्या खोलीवर कोण येतं-जातं, यावर माझं लक्ष असायचं.

त्या दिवसांत मला झोप लागायची नाही, आणि ते कंपनीमुळे नव्हतं. ज्या माणसानं मला वाचायला शिकवलं त्याच माणसाला मी त्याच पद्धतीनं वाचत होतो आणि काहीच हाती लागत नव्हतं. संशय असा असतो, की त्याला जागा मिळाली की तो मागचंही सगळं उकरतो. ‘विमा कोणी घेऊ नये’ आठवायचं. फुकट काम न करणारी बाई आठवायची…

एका रविवारी मी ते पत्रक पुन्हा काढलं आणि शेजारी ताईंनी मला पाठवलेला मूळ मजकूर फोनवर उघडला. ओळ ओळ लावून बघितली. मूळ मजकुरात ‘हे वाचून घाबरू नका, कागद शोधा’ होतं. पत्रकात नव्हतं. ती ओळ मी गाळली होती, आणि मी गाळली हे ताईंना ठाऊकही नव्हतं. म्हणजे पत्रक ताईंच्या हातून गेलेलं नव्हतं. ते मी टाकलेल्या पोस्टवरून घेतलं होतं, जी कोणीही उचलू शकत होतं. मी तसाच चपला घालून निघालो.

गिरणी रविवारची बंद होती, त्यामुळे जिन्यावर माझ्या पावलांचा आवाज मोठा झाला. ताई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी ‘ये’ म्हटलं नाही. मी उभ्यानंच फोन आणि पत्रक दोन्ही टेबलावर ठेवलं आणि गाळलेली ओळ दाखवली. म्हणालो, तुम्ही दिलं असतं तर ही ओळ यात असती, मी तुमच्यावर संशय घेतला होता, तो चुकीचा होता. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही मजकूर सावकाश वाचले. मग माझ्याकडे बघून विचारलं,

“आणि तू?”

मी काय सांगणार होतो. त्या ओळीनं त्या सुटल्या होत्या, मी सुटलो नव्हतो. पोस्ट माझीच होती. कंपनीनं उचलली असेल तशी मीही दिली असू शकत होती. मी म्हणालो, “माझ्याकडे पुरावा नाही, ताई.”

 रस्त्यावरून एक जीप मंचर मंचर ओरडत गेली. मला वाटलं, आता इथून निघायचं आणि पुन्हा यायचं नाही. मग त्यांनी पत्रकाची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि टेबलावर तळहातानं सपाट केली.

“पुरावा असता तर बरं व्हतं,” त्या म्हणाल्या. “आता न्हाई म्हटल्यावर विश्वासच ठेवावा लागंल.”

एवढंच. माफीबिफी काही नाही. त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला. ‘विश्वास’ हा शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो उच्चारताना त्यांना किती जड गेला तेही बघितलं.

त्या बैठकीतच आम्ही उत्तर लिहायला घेतलं. कोणालाही पैसे देण्याआधी काय विचारायचं, कोणते कागद मागायचे, नोंदणी खरी की खोटी ते कुठं बघायचं, एवढंच त्यात होतं. कंपनीचं नाव नव्हतं. मी सुरुवात जोरदार केली होती. ताईंनी ती खोडली आणि वर लिहिलं, ‘मी स्वतः गुंतवणूक विकतो. तुम्ही पैसे दुसरीकडे दिलेत तर माझा तोटा आहे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.’ मी म्हणालो, असं लिहिल्यावर पुढचं कोण वाचणार. त्या म्हणाल्या, वाचणारे हे तसंही म्हणणारच आहेत, मग तूच आधी म्हण.

ज्या गावातल्या जमिनी जास्त गेल्या होत्या तिथं आम्ही दोघं गेलो. शाळेच्या ओट्यावर माणसं जमली होती. मी वाचायला उभा राहिलो तेवढ्यात एक पागोटेवाले आजोबा उठले आणि म्हणाले, “तुमचा धंदा बसतोय म्हनून आलाय तुमी. आमाला काय कळत न्हाई व्हय?”  ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. त्यानं पहिल्याच ओळीत तेच लिहिलंय.” आणि मला म्हणाल्या, वाच. मी पहिली ओळ वाचली. आजोबा क्षणभर उभेच राहिले. मग टेकत टेकत खाली बसले आणि म्हणाले, “म्होरचं वाचा मग.”

त्या गावातले बरेच जण कंपनीकडे कागद मागायला गेले. आज देतो, उद्या देतो झालं. काही महिन्यांनी काचेच्या दाराला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली दिसली, मग बोर्ड उतरला. आता यापुढे मी असं लिहावं की ती कंपनी खोटी निघाली आणि कुंदाताईंमुळे सगळे वाचले. पण ते मला लिहिता येत नाही. ज्या थोड्या जणांनी पैसे ठेवले होते त्यांना ते परत मिळाले, बोललेल्या व्याजासकट. ती माणसं आजही म्हणतात, या बाईनं आणि विलासनं चांगली संधी घालवली. कंपनी खरी होती की पुरेसे मासे लागेनात म्हणून गळ उचलून गेली, मला माहीत नाही. मी ताईंच्या बाजूनं उभा राहिलो तो तत्त्वासाठी की माझी गिऱ्हाइकं टिकावीत म्हणून, याचाही मी नीट छडा लावलेला नाही. ताईंना मी एकदा म्हणालो, लोक तुम्हाला हसतात. त्या म्हणाल्या, “ज्याचे पैसे त्याच्या घरात आहेत तो मला हसला तर मला चालतं.”

आमची शेवटची भेट त्या जायच्या आधी थोडेच दिवस झाली. मी फोनवर एक नवीन ॲप घेतलं होतं. चार शब्द बोलले की ते आपोआप पोस्ट लिहून देतं, मराठीतसुद्धा. मी उत्साहानं त्यांना दाखवलं. निवृत्तीच्या नियोजनावर एक मोठा, गुळगुळीत मजकूर त्यानं बघता बघता लिहून दिला. ताईंनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता चिडणार. पण त्या थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, “चूक काही नाही रे यात. पण हे सांगतंय कोण? ज्याला उद्या बाजारात कोणी गाठून जाब विचारू शकत नाही, त्याचं मी काय वाचू?” मग त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, वापर हवं तर, पण खाली तुझं नाव आहे हे विसरू नको. मी निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. एरवी येत नसत. दम लागत होता. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. त्या म्हणाल्या, दाखवलं, पण त्याचं बोलणं मला पटलं नाही… आम्ही दोघंही हसलो. मी तेव्हा हसायला नको होतं असं आता वाटतं, पण तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

दहाव्यानंतर प्राजक्तानं मला खोली आवरायला बोलावलं. महिनाअखेर खोली सोडायची होती. फार सामान नव्हतं. टेबल, स्टोव्ह, शब्दकोश, आणि दोन खुर्च्या. एक लाकडी, ताईंची. दुसरी गादीची, येणाऱ्याची. त्या खोलीत एक रीत होती, ती मी अजून सांगितली नाही. कोणी स्वतः लिहून आणलेला मजकूर ताई आधी वाचत नसत. येणाऱ्याला गादीच्या खुर्चीवर बसवायच्या आणि म्हणायच्या, मोठ्यानं वाच, आणि मग डोळे मिटून ऐकायच्या. बस्स. मधे एक शब्द बोलायच्या नाहीत. मीही तिथं बसून माझी कित्येक वाक्यं वाचता वाचता गिळली आहेत.

आम्ही पुस्तकं पोत्यात भरत होतो तेव्हा जिन्यावर कोणीतरी आलं. घाटघरकडची बाई होती, बचत गटातली, हातात फोन आणि पिशवीत नाचणीच्या पापडांचा एक पुडा. तिला काहीच माहीत नव्हतं. नेटवर्क नसलेल्या गावातून जीपनं उतरून सरळ इथं आली होती. प्राजक्तानं तिला सांगितलं. ती दारातच थांबली, पदर तोंडाशी नेला आणि बराच वेळ त्या लाकडी खुर्चीकडे बघत राहिली. मी तिला पाणी दिलं. मला वाटलं, आता ती जाईल. पण ती आत आली, गादीच्या खुर्चीवर टेकली, फोन डोळ्यांजवळ धरला आणि कोणाला न विचारता वाचू लागली. आम्ही दोघंही हातातलं काम ठेवून उभे राहिलो.

“आमच्या गटाचे नाचणीचे पापड. डोंगरातली नाचणी. घरी दळलेली, घरी लाटलेली. शंभर टक्के बिगर खताची…”

ती थांबली. खाली गिरणी चालू होती, जमीन हळू हळू थरथरत होती. तिनं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“गेल्या साली टाकला व्हता युरिया,” ती म्हणाली. “एकदाच. पर टाकला व्हता.”

 तिनं फोन मांडीवर ठेवला, एका बोटानं सावकाश ती ओळ पुसली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.